सोबतीची खुर्ची

आमच्या भावोजींना कारखान्यात सगळे शिंपी म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. खरं तर या माणसानं आयुष्यात एक बटण लावलेलं नाही. शर्टाचं तुटलं तर आठ-आठ दिवस तसाच उघडा गळा घेऊन फिरतील. पण लाकडाच्या विमानाला कागदाचे कपडे बेतत बसायचे, म्हणून शिंपी. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्याच कारखान्यात पेंट शॉपमध्ये आहे, विमानं घासते आणि रंगवते. त्यामुळे त्यांच्याविषयी बोलायचा मला घरचा आणि कामावरचा, दोन्हीकडून हक्क आहे. कुणाला पटत नसेल तर त्यानं कानात बोटं घालावीत.

आधी त्यांचं काम सांगते, कारण ते कुणाला धड कळत नाही. मलाही पंधरा वर्षं कळलं नव्हतं. विमान उडतं तेव्हा हवा त्याच्या सगळ्या अंगाला घासत जाते आणि त्याला मागे धरते. पाण्यात हात फिरवला की पाणी हाताला धरतं ना, तसं. हे घर्षण डोळ्यांना दिसत नाही, पण इंधन खातं. विमान अजून कागदावर असतं, एक रिव्हेट ठोकलेला नसतो, तेव्हाच कुणीतरी सांगावं लागतं की बाबांनो, याच्या कातडीवर हवा इतकी घासणार, म्हणून इतकं इंधन लागणार, म्हणून इतकंच लांब जाता येणार. हे सांगणारा माणूस भावोजी. त्यांनी आकडा दिला की त्यावर बाकी सगळ्यांचं घोडं पुढे सरकायचं.

आकडा काढायची त्यांची रीत अशी. विमानाचं दहाव्या भागाएवढं लाकडी मॉडेल करून घ्यायचं. त्यावर पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद चिकटवायचा, जिथे जिथे हवा लागणार तिथे तिथे, सुरकुती न पडू देता. मग तो सोलून काढायचा आणि सोनाराच्या काट्यावर तोलायचा. कागदाचा एक चौकोन किती वजनाचा ते माहीत, म्हणजे सगळ्या अंगाचं क्षेत्रफळ किती ते कळलं. कागद आधी बल्ब लावलेल्या कपाटात सुकवून घ्यायचे, कारण दमट कागद जड भरतो. कॉम्प्युटर आला, तो हेच काम मिनिटात करायला लागला, तरी यांचा कागद काही सुटला नाही. दोन्ही उत्तरं जुळली की मगच पुढे. क्षेत्रफळाला मग वेगानं गुणा, लांबीच्या हिशेबानं गुणा, आकाराचं थोडं वाढवा, रंगाच्या खडबडीतपणाचं थोडं वाढवा, असं करत एका मोठ्या कागदावर पस्तीस-चाळीस ओळी होत.

ते गुणाकार माझी ताई तपासायची. ताई शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी मुलांच्या वह्या झाल्या की त्याच लाल पेन्सिलीनं नवऱ्याचे कागद. बरोबर असलं की टिक, चुकलं की गोल. मी लग्नाआधी त्यांच्याकडेच राहायचे, त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय. गोल दिसला की भावोजींचं तोंड शाळेतल्या पोरासारखं व्हायचं. ताई म्हणायची, "अहो, सातआठे छप्पन्न. विमान पडलं तर माझं नाव सांगू नका." आणि ते गंभीरपणे म्हणायचे, "पडणार नाही. जरा कमी लांब जाईल." विनोद कळायला त्यांना नेहमी दोन मिनिटं लागायची. मग एकटेच हसायचे, तोवर आम्ही भांडी घासून मोकळ्या.

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईचा हा मुलगा. शिष्यवृत्त्यांवर शिकला. आईच्या हाताखाली कपड्यांच्या घड्या घालताना तळहातानं कापड चाचपायची सवय लागली ती कायमची. टेबल असो, भिंत असो, बसची सीट असो, हात फिरवल्याशिवाय यांना चैन नाही. माणूस नाकासमोर चालणारा, आणि तोसुद्धा इतका सरळ की समोर खांब आला तर खांबानं बाजूला व्हावं.

याच सरळपणापायी मोठा घोटाळा झाला, तो सांगायलाच मी बसले आहे.

एकवीस वर्षांपूर्वी मी पेंट शॉपमध्ये लागले. परीक्षा देऊन लागले. अॅल्युमिनियमची पट्टी घासून, रंगवून दाखवायची होती, तेरा जणांत माझी पहिली आली. तरी लोकांच्या तोंडाला काय झाकण! "शिंप्यानं मेहुणी चिकटवली," असं पहिल्याच दिवशी मी माझ्या कानांनी ऐकलं. ऐकणारी मी एकटी नव्हते. संध्याकाळी भावोजी मला म्हणाले, "आजपासून मी पेंट शॉपची पायरी चढणार नाही. तुझं काम तुझं, माझं माझं. कुणाला बोट दाखवायला जागा नको." मला वाटलं, चार दिवस म्हणतील. ते एकोणीस वर्षं आले नाहीत! रंग चढून बाहेर आलेलं विमान धावपट्टीकडे जाताना दिसलं तरी वाट बदलायचे. मी मदतनीस होते ती पेंट शॉपची प्रमुख झाले, पण त्यांनी माझं काम कधी पाहिलं नाही. मला राग यायचा. ताई म्हणायची, "असू दे गं. त्यांची तीच पद्धत आहे प्रेम करायची." मी म्हणायचे, "मग थोडा द्वेष करायला सांग, निदान बघायला तरी येतील."

सात वर्षांपूर्वी ताई गेली. शाळेनं तिला लांबच्या एका गावात मुख्याध्यापिका म्हणून वर्षभर पाठवलं होतं. भावोजी सुट्टीत तिच्याकडे गेले होते. सकाळी केस विंचरता विंचरता ती खाली बसली आणि उठलीच नाही. डोक्यातली शीर फुटली होती. तिथल्या दवाखान्यानं मोठ्या इस्पितळाचं विमान मागवलं. ते आलं, स्ट्रेचर आत गेलं, डॉक्टर आत गेला. हे चढायला लागले तेव्हा वैमानिकानं दारात हात आडवा धरला. म्हणाला, "जागा नाही साहेब. वजन." दुसरा कुणी असता तर भांडला असता, पाया पडला असता. यांना वजन म्हणजे काय ते पक्कं माहीत. एक माणूस जास्त म्हणजे तितकं इंधन कमी, म्हणजे विमान पोचणार नाही. ते मुकाट खाली उतरले. नऊ तास मोटारीनं गेले. ताई वाटेतच, हवेत, गेली. डॉक्टरनं नंतर सांगितलं की मध्ये तिला शुद्ध आली होती, आणि दोनदा तिनं विचारलं, "हे कुठे आहेत?"

मला हे आजही नीट सांगता येत नाही. असो.

त्यानंतर दर सुट्टीला भावोजी आमच्याकडे जेवायला यायला लागले. जेवायचे, माझ्या नवऱ्याबरोबर पेपर वाचायचे, टेबलावर हात फिरवायचे, जायचे. गुणाकार आता स्वतःच तपासायचे, साध्या काळ्या पेन्सिलीनं. ताईची लाल पेन्सिल शर्टाच्या खिशात असायची, बोटभर उरलेली. ती वापरताना मी त्यांना पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी कारखान्याला काम मिळालं, दुर्गम भागातले रुग्ण आणायला छोटं, दोन इंजिनांचं विमान करायचं. अशी बारा विमानं. जायचं, रुग्ण घ्यायचा, वाटेत कुठेही इंधन न भरता परत यायचं. पहिल्या बैठकीत मोठ्या साहेबांनी सगळ्यांना विचारलं, काही सुचवायचंय का? तीस वर्षांत बैठकीत तोंड न उघडलेले भावोजी उभे राहिले आणि म्हणाले, "रुग्णाच्या उशाशी एक खुर्ची हवी. सोबतीच्या माणसाची." एवढंच बोलून बसले. का हवी ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी विचारलं नाही. खुर्ची नकाशात आली. नाव पडलं सोबतीची खुर्ची.

आणि पुढच्या वर्षी ती त्यांनीच घालवली.

मला ते कळलं गादीवाल्याकडून. आमच्या कारखान्यातला खरा शिंपी तोच, खुर्च्यांची कव्हरं शिवतो. कँटीनमध्ये चहा पिताना म्हणाला, "ती खुर्ची रद्द झाली की. तुमच्या भावोजींचा आकडा आला. जाऊन-येऊन इंधन चौऱ्याऐंशी किलो कमी पडतंय. माणूस पंचाहत्तर आणि खुर्ची नऊ. चौऱ्याऐंशी झाले. काढली." वर आणखी एक बातमी दिली. मोठे साहेब स्वतः भावोजींना म्हणाले होते, "तुमचं माप नेहमी सैल असतं. आजवरचं प्रत्येक विमान तुमच्या आकड्यापेक्षा जरा बरंच उडालंय. थोडं आवळा की, खुर्ची बसेल." ते खरंही होतं. शिंप्याचा कपडा सैल, पण अंगात नक्की बसणार, असं सगळे कौतुकानं म्हणायचे. भावोजींनी काय उत्तर द्यावं? "कुठे सैल आहे ते कळल्याशिवाय आवळता येत नाही." आणि खुर्ची काढायच्या कागदावर पहिली सही त्यांची!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहा तसाच टाकला आणि कामाच्या डगल्यानिशी, केसांत रंगाची पांढरी भुकटी, चार जिने चढून त्यांच्या ऑफिसात गेले. एकोणीस वर्षांत मीही पहिल्यांदाच. सगळे मान वर करून बघायला लागले. बघू देत.

"भावोजी, तुमच्या हातानं काढलीत?"

त्यांनी चष्मा काढला. "अगं, बसत नाही."

"माझ्या बहिणीसाठी मागितली होतीत ना?"

"म्हणून तर जास्त वेळा तपासलं," ते म्हणाले. "सहा वेळा. कागद नव्यानं चिकटवला, नव्यानं तोलला. मला वाटलं कुठे तरी चूक सापडेल. नाही सापडली." आणि त्यांचा आवाज असा झाला की माझा अर्धा राग तिथेच गळाला.

उरलेल्या अर्ध्या रागावर मी म्हटलं, "दाखवा. एकेक ओळ सांगा मला." आता मला काय कळणार होतं, दगड? माझं गणित ताईनंसुद्धा हात टेकून सोडून दिलेलं. पण त्यांनी खुर्ची ओढली, मोठा कागद पसरला आणि खरंच एकेक ओळ सांगायला लागले. पंख, वरची बाजू. पंख, खालची बाजू. शेपूट. इंजिनांची टोपणं. मी मान डोलवत होते. एकविसाव्या ओळीवर बोट आलं.

"हे रंगाचं."

"कुठल्या रंगाचं?"

"आपल्या. कारखान्याच्या. रंगात बारीक दाणे असतात, हवेला ते खरखरीत लागतात. दाणा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा धरलाय."

मी म्हटलं, "कोणी मोजला?"

त्यांनी मागच्या कपाटातून एक फाइल काढली. पिवळा पडलेला तक्ता. मोजणाऱ्याची सही त्यांच्या आधीच्या साहेबांची, आणि तारीख मी कामाला लागले त्याच्या आदल्या वर्षाची! तेव्हाचं पेंट शॉप म्हणजे रस्त्याकडेची उघडी शेड. ट्रक गेला की धुरळा ओल्या रंगावर बसायचा, आणि जुना रंगारी त्यावरच दुसरा हात मारून विडी ओढायला जायचा. ती शेड पाडली कधीच. मी प्रमुख झाल्यावर बंद खोली करून घेतली, हवा गाळणारे पंखे बसवून घेतले, रंगाच्या दोन हातांच्या मध्ये पाण्याखाली पॉलिश पेपर मारायची सक्ती केली. माझ्या हाताखालच्या बायकांची बोटं सोलून निघतात घासून घासून.

"म्हणजे एकोणीस वर्षं," मी म्हटलं, आणि माझा आवाज आख्ख्या मजल्याला ऐकू गेला असणार, "एकोणीस वर्षं तुम्ही माझ्या रंगाला विडीवाल्याचा रंग धरून चाललात?"

त्यांनी तक्त्यावरच्या तारखेवर बोट फिरवलं. मग हळू म्हणाले, "गुणाकार तिनं तपासले होते. गुणाकार बरोबर आहेत." आणि तक्ता मिटत, "मी तिकडे आलो असतो तर कळलं असतं."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं. "उठा आता."

उठले. सगळ्या कारखान्यादेखत मी त्यांना पेंट शॉपमध्ये नेलं. दारात क्षणभर थांबले, मग पायरी चढले. आत एक पंख घोडीवर आडवा ठेवलेला होता, आदल्या दिवशीच शेवटचा हात झालेला. त्यांनी शर्टाची बाही मागे सारली आणि तळहात पंखावर ठेवला. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, हवा जाते तसा सावकाश नेला. पुन्हा आणला. माझ्या सगळ्या बायका काम सोडून लांबून बघत होत्या. मला वाटलं आता म्हणतील, छान आहे. एकोणीस वर्षांनी तरी म्हणतील.

ते फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे चालणार नाही."

"काय चालणार नाही?"

"माझा हात. मला ही खुर्ची हवी आहे. हात मला पाहिजे तेच सांगेल." रुमालानं त्यांनी तळहात पुसला. "मोजायला हवं. आणि मी नाही मोजणार, तूही नाही."

अरे देवा! असा माणूस. पुढ्यात आलेला घास परत करून, आधी शिजलाय का ते तपासून आणा म्हणणारा. पण खरं सांगते, चिडता चिडता मला एकदम ताई आठवली. तीही असंच करायची. वर्गात स्वतःच्या भाचीचा पेपर असला की दुसऱ्या बाईंकडे तपासायला द्यायची.

त्यांनी ठरवलं ते असं. पाच पट्ट्या, पाच वेगवेगळ्या माणसांनी रोजच्या कामाच्या ओघात रंगवायच्या. कशासाठी ते सांगायचं नाही. कुठल्या निवडायच्या ते तपासनीस ठरवणार. पट्ट्यांवर नाव नाही, फक्त नंबर. आणि मोजणार बाहेरची प्रयोगशाळा, जिथे सुईनं रंगाच्या पृष्ठभागाचे चढउतार टिपतात. मी तोंडाला कुलूप लावून चार दिवस काढले, पेंट शॉपमध्ये चकार शब्द काढला नाही. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. सगळ्यात चांगली पट्टी कुणा जुन्या हाताची नव्हती, आमच्यातल्या सगळ्यात नव्या बाईची होती, हे जाता जाता सांगून टाकते. सगळ्यात वाईट पट्टीवरचा दाणासुद्धा धरलेल्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याहून बारीक निघाला. इतक्या बारीक दाण्याचा हवेला पत्ताच लागत नाही, असं भावोजी म्हणाले. पाच पट्ट्यांची सरासरी न घेता त्यांनी सगळ्यात वाईट पट्टी धरली आणि एकविसावी ओळ खोडून नव्यानं लिहिली. चौऱ्याऐंशीपैकी एकाहत्तर किलो इंधन वाचलं.

तेरा किलो अजून कमीच होते. मी म्हटलं, तेराच ना, द्या सोडून. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

बैठकीला त्यांनी मलाही बोलावून घेतलं. मी भिंतीला टेकून उभी. भावोजी उठले आणि सरळ म्हणाले, "माझी चूक झाली. एकोणीस वर्षांची आहे. पेंट शॉप सुधारलं आणि मी जुनाच तक्ता वापरत राहिलो. माझी मेहुणी तिथे आहे म्हणून मी तिकडे गेलो नाही. विमानं आकड्यापेक्षा बरी उडायची तेव्हाच शंका यायला हवी होती. लोक कौतुक करत होते, मी ऐकत राहिलो."

मोठे साहेब हसायला लागले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच की! माप सैल आहे, आवळा."

"तुम्ही म्हणत होता तेव्हा ते मोजलेलं नव्हतं," भावोजी म्हणाले. "आज मोजलंय. आणि अजून तेरा किलो कमी आहेत. खुर्ची बसत नाही."

साहेबांचं हसू मावळलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "रंगाचं वजन किती असतं ते कुणी विचारलंय का मला?"

नव्हतं विचारलं. कुणीच, कधीच. एवढ्या विमानावर पुट्टी, प्रायमर आणि रंग मिळून चाळीसेक किलो चढतं. त्यातली पुट्टी पत्र्याचे सांधे झाकायला असते. सांधे आधीच नीट जुळवून घासले तर पुट्टी निम्मी लागते, आणि रंगाचा एक हात कमी करता येतो. काम मात्र दुप्पट. मी म्हटलं, अकरा किलो मी काढते. गादीवाल्यानं खुर्चीचे हातांचे आधार काढून दोन किलो काढले. जाताना कुरकुरला, "आता रडणाऱ्या माणसानं हात कुठे टेकायचे?" भावोजी म्हणाले, "स्ट्रेचरवर."

तीन आठवडे आम्ही घासत होतो. पाण्याखाली, हातानं, एकेक सांधा. रंगाचा हात कमी केला म्हणून पुन्हा पाच पट्ट्या, पुन्हा प्रयोगशाळा, भावोजी सोडतात की काय! रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत भावोजी पेंट शॉपमध्ये यायचे. बोलायचे नाहीत. एखाद्या बाईनं घासून ठेवलेल्या भागावर तळहात फिरवायचे, आणि कुठे खरखर लागली तर खडूनं बारीकशी खूण करून जायचे. आठवडाभरात बायका त्यांच्या खुणांची पैज लावायला लागल्या. शेवटच्या दिवशी सबंध विमानावर एक खूण निघाली नाही. ते माझ्यापाशी आले, म्हणाले, "चांगलं आहे." दोन शब्द. मी घरी जाऊन नवऱ्याला चारदा सांगितले. रडलेसुद्धा, लाजायचं काय त्यात.

चाचणीच्या उड्डाणात चौघं बसवली, स्ट्रेचरवर वाळूची पोती ठेवली, आणि विमान जाऊन परत आलं. भावोजींनी सांगितलं होतं त्याहून दोन किलो इंधन जास्त उरलं. ते दोन किलो कुठून आले म्हणून त्यांनी महिनाभर डोकं खाजवलं.

विमानं कामाला लागून आता सात-आठ महिने झाले. इस्पितळाकडून दर महिन्याला एक तक्ता येतो. कुठून कुठे गेलं, वारा किती, इंधन किती उरलं, आणि शेवटी एक रकाना, सोबत कोण. भावोजी आता निवृत्त झालेत, पण तो तक्ता कारखाना अजून त्यांनाच पाठवतो. गेल्या सुट्टीला जेवून झाल्यावर त्यांनी तो माझ्या टेबलावर पसरला आणि इंधनाचा रकाना मला समजावून सांगायला लागले. प्रत्येक आकड्यापुढे काळ्या पेन्सिलीची टिक. "बघ, कुठेही तीन किलोच्या वर फरक नाही." मी हं हं करत होते. माझी नजर शेवटच्या रकान्यावर गेली होती. आई. नवरा. मुलगी. बहीण. नवरा. बायको. त्या प्रत्येकापुढेही टिक होती, लाल.

मी त्याविषयी बोलले असते तर त्यांनी तक्ता घडी करून खिशात घातला असता.

एका ओळीपुढे मात्र टिक नव्हती. तिथे लिहिलं होतं, कोणी नाही. भावोजींनी त्यावर बोट ठेवलं. "हा एकटा का गेला असेल? खुर्ची मोडलीय का? तुला बोलता येतं, जरा फोन कर ना."

सुट्टीचा दिवस होता, तरी मी लगेच इस्पितळाला फोन लावला. तिकडच्या बाईंनी वही काढून पाहिली. म्हातारे गृहस्थ होते, मागेपुढे कुणी नव्हतं. खुर्ची रिकामी होती, म्हणून तिथल्या दवाखान्यातली नर्स आपणहून त्यांच्यासोबत आली, शेवटपर्यंत त्यांचा हात धरून बसली होती. नातं काय लिहायचं ते न कळून वैमानिकानं कोणी नाही असं लिहिलं.

मी फोन ठेवून भावोजींना सांगितलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून ताईची पेन्सिल काढली. आता ती इतकी लहान झालीय की चिमटीत धरावी लागते. वैमानिकाचे ते दोन शब्द खोडले, वर बारीक अक्षरात नर्स असं लिहिलं आणि टिक केली.